लहान्यांची ओळ

भोर सोडून महाडच्या रस्त्याला लागलं की घरं संपता संपता डाव्या हाताला एक मुरमाड उतार लागतो. त्या उतारावर वीस-बावीस कबरी आहेत. आमच्या घरात या जागेला 'इस्राएलांची जागा' म्हणत. गावातली जुनी माणसं 'शनवार तेल्यांची जागा' म्हणत. ज्यू हा शब्द मी मास्तरकीचं शिक्षण घ्यायला गेलो तेव्हा पुस्तकात वाचला, आणि आपण लहानपणी ज्यांच्या कबरींभोवतीचं गवत कापत होतो ते हेच लोक, हे कळायला मला आणखी काही दिवस लागले.

आम्ही धनगर. मूळचे वेल्ह्याकडच्या डोंगरातले. आजोबा तरुणपणी मेंढरं घेऊन भोरच्या बाजूला उतरले आणि या उताराच्या वरच्या अंगाला झोपडी घालून राहिले. कबरस्तानाला तेव्हा कमरेइतकं दगडी कुंपण होतं. एका ठिकाणी ते ढासळलं होतं, तिथून मेंढरं आत शिरली. आत गुडघाभर गवत. आजोबांना वाटलं, देवानंच कुरण दिलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या दवाखान्यातले कंपाउंडर तिथं आले. पांढरा सदरा, काळी टोपी, हातात छत्री. ते ओरडले नाहीत. आजोबांना त्यांनी कुंपणाबाहेर बोलावलं, शेजारी बसवलं आणि सांगितलं की इथं आमची माणसं निजली आहेत, त्यांच्यावरून जनावर जाऊ नये. मग ठरलं ते असं, की गवत आमचं आणि जागा त्यांची. गवत विळ्यानं कापून न्यायचं, मेंढरू आत घालायचं नाही. पावसाळ्याच्या आधी कुंपणाचे पडलेले दगड रचायचे, दिवाळीनंतर घाणेरीची काटेरी झुडपं तोडायची. कागद झाला नाही. आजोबांना सही येत नव्हती आणि कंपाउंडरांनी अंगठा मागितला नाही.

आजोबांना कबरींवरचं वाचता येत नव्हतं. दगडांवर वर मराठी आणि खाली चौकोनी चौकोनी अक्षरं होती. कंपाउंडरांनी ती उजवीकडून डावीकडं बोट फिरवत वाचून दाखवली होती, त्याचं आजोबांना फार नवल वाटे. पण प्रत्येक कबर कुणाची हे त्यांना तोंडपाठ होतं, कारण कंपाउंडर सांगत आणि ते ऐकत. आजोबांनी ते मला सांगितलं, गवत कापता कापता, एकेका दगडापाशी थांबून. माझ्या आयुष्यातला इतिहासाचा पहिला तास तोच.

सगळ्यात वरच्या ओळीत तेलवाले बाबा. ते बायको आणि एक बैल घेऊन कोकणातून घाट चढून आले. भोरात त्यांनी घाणा घातला. शनिवारी, त्यांच्या विसाव्याच्या दिवशी, घाणा बंद असे आणि बैल दिवसभर सुटा असे. गिऱ्हाईक यायचं, हात हलवत परत जायचं. लोकांनी आधी चेष्टा केली, मग सवय झाली, मग शुक्रवारी तेल भरून ठेवायची रीतच पडली. त्यांच्या मागून त्यांचे भाऊबंद आले. एक सुतार होता. एकाला संस्थानच्या कचेरीत कारकुनी मिळाली. कधी काळी सात-आठ घरं झाली, त्याहून जास्त कधीच नाही. देऊळ म्हणावं असं त्यांचं भोरात काही नव्हतं. कारकुनाच्या माडीवर जमून प्रार्थना करायचे, मोठ्या सणाला पुण्याला जायचे. मधल्या ओळीत ओव्हरसियर होते, घोड्यावरून रस्त्यांची कामं बघत फिरायचे. त्यांच्या शेजारी मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई, आणि पलीकडं एक सुईण, जिनं गावातल्या सगळ्या जातींच्या कितीतरी पोरांची नाळ कापली होती.

मास्तरीणबाई गेल्या तेव्हाची गोष्ट आजोबा पुन्हा पुन्हा सांगत. त्यांच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. भोरात तोवर सातच उरले होते. पुण्याहून तिघं यायचे होते आणि गाडी वाटेत बंद पडली होती. उन्हं कलायला लागली तसे आजोबा पुढं झाले आणि म्हणाले, "म्या हुबा ऱ्हाऊ का आठवा?" कंपाउंडरांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, उभे राहा, पण तुम्हांला मोजता यायचं नाही. आजोबा म्हणाले, नका मोजू. आणि ते मुंडासं नीट बांधून, जोडे काढून, ते तिघं येईपर्यंत आणि पुढं सगळं उरकेपर्यंत उभे राहिले.

खालची ओळ लहान्यांची. हा आजोबांचाच शब्द. पाच कबरी, पाटीएवढाले दगड. दोन दगडांवर तर काहीच लिहिलेलं नव्हतं. शेवटची कबर कंपाउंडरांच्या मुलाची होती. आठव्या दिवशी त्याचं नाव ठेवलं आणि अकराव्या दिवशी तो गेला. त्या ओळीपाशी आलं की आजोबा विळा बाजूला ठेवत आणि गवत हातानं उपटत. मी विचारलं, विळा का नाही? ते म्हणाले, "ल्हान हायती. पात्याचा आवाज नगं."

कंपाउंडरांना एक मुलगीही होती, माझ्याहून वर्षभरानं मोठी. त्यांच्या घरी काही मागणं पुरं झालं की प्रार्थना व्हायची आणि मग भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा आणि वर केळ्याच्या चकत्या असं मलिद्याचं ताट आमच्या झोपडीवर यायचं. ते ताट ती मुलगी आणायची. मी दुसरीत असेन, त्या वर्षी ते कुटुंब इस्राएलला गेलं. भोरातलं ते शेवटचं घर. जायच्या आदल्या दिवशी कंपाउंडर कबरस्तानात आले, फाटकाची किल्ली आजोबांच्या हातात दिली आणि बराच वेळ त्यांचा हात सोडला नाही. मुलगी खालच्या ओळीपाशी उकिडवी बसून खडे रचत होती. त्यांच्यात कबरीवर फुलाऐवजी खडा ठेवतात.

आजोबांनी ते काम मरेपर्यंत केलं. त्यांच्यामागं वडिलांनी केलं. मेंढरं गेली, वडील एका गोठ्यावर राबायला लागले, तरी मे महिना आला की ते दोन दिवस कुंपणाला द्यायचे. आई म्हणायची, कोण बघतंय? वडील म्हणायचे, कुणी बगावं म्हून न्हाई करत.

मी शिकलो. आमच्या भावकीतला पहिला शिक्षक झालो. नोकरी वेल्ह्याच्या वाटेवर मार्गासनीला लागली आणि तिथंच खोली घेऊन राहिलो. लग्न झालं, मुलं झाली. भोरला आलो की वडील मला कबरस्तानात चल म्हणत. मी कधी जायचो, कधी नाही. खरं सांगायचं तर मला लाज वाटायची. गुरुजी झालेल्या माणसानं हातात विळा घेऊन घाणेरी तोडावी हे मला बरं दिसत नव्हतं. आज मला ज्या गोष्टीची लाज वाटते ती निराळी आहे, पण सुरुवात तिथून झाली हे मला माहीत आहे.

वडील शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा त्यांनी फार काही मागितलं नाही. कबरस्तानाच्या कुंपणाचं एवढंच म्हणाले, "भिताडाकडं बगत जा." मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला आपण हो म्हणतोच.

पहिली दोन वर्षं मी मजूर लावून घाणेरी काढून घेतली. तिसऱ्या वर्षी विसरलो. चौथ्या वर्षी विसरलो नव्हतो, तरी गेलो नाही. मग निवृत्ती जवळ आली आणि आजोबांच्या झोपडीच्या जागेवर घर बांधायला काढलं. जोत्याला दगड लागणार होता. गवंड्यानं कबरस्तानाच्या कुंपणाकडं बोट दाखवलं. म्हणाला, गुरुजी, अर्धं पडलंच आहे, घडीव दगड आहे, असा आता मिळायचा नाही.  मग म्हणालो, पडलेले असतील तेवढेच घे. मला ठाऊक होतं की पडलेल्या दगडांत जोतं होणार नाही. त्यालाही ठाऊक होतं. आठवड्याभरात खालच्या अंगाचं सगळं कुंपण आमच्या जोत्यात आलं. बायकोनं विचारलं तेव्हा मी सांगितलं की तिथल्या लोकांना विचारलंय. कोण लोक, हे तिनं विचारलं नाही. माझ्यावर तिचा विश्वास होता.

कुंपण गेल्यावर गुरं आत यायला लागली. आणि पुढच्याच वर्षी उन्हाळ्यात एक माणूस माझ्याकडं आला. जेसीबी आणि टेम्पो बाळगून मुरूम पुरवण्याचा त्याचा धंदा. मी अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत बसलो होतो. त्यानं बाहेरूनच विचारलं, "गुरुजी, खालची ती पडीक जागा कुणाची हो? तुमचं घराणं बघतं म्हणत्यात."

या प्रश्नाची कितीतरी खरी उत्तरं होती. तेलवाल्या बाबांची. मास्तरीणबाईंची. ज्यांनी माझ्या आजोबांच्या हातात किल्ली दिली त्यांची. मी पेपरातून मान वर न करता म्हणालो, "आता कुणाची न्हाई ती."

एवढंच बोललो. मी त्याला खण म्हणालो नाही. पुढं किती तरी दिवस मी या एका गोष्टीच्या आधारावर जगलो, की मी खण म्हणालो नव्हतो.

आठवडाभर खालून जेसीबीचा आवाज येत होता. मी तिकडं गेलो नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी एक टेम्पो आमच्या दारात आला आणि त्यानं अंगणात मुरूम ओतला. मी मागितला नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, मालकांनी पाठवलाय, पावसात चिखल होतो ना तुमच्या इथं. मी तो नको म्हणालो नाही. बायकोनं आणि मी मिळून तो पसरला, वर पाणी मारलं, धुमसून घेतला. छान घट्ट अंगण झालं. तिनं कडेनं अबोली लावली. मी त्यानंतर कधीतरी खाली जाऊन पाहिलं, तर उताराचा तळ माणसाहून उंच असा उभा कापला होता आणि लहान्यांची ओळ नव्हती.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आसपास मला एक फोन आला. बाईचा आवाज होता, थोडा घोगरा. तिनं विचारलं, तुम्ही कबरस्तानाशेजारच्या धनगर आजोबांचे नातू का? ती कंपाउंडरांची मुलगी होती. पुण्यात त्यांच्या समाजातल्या कुणी चौकशी करून माझा नंबर काढला होता. ती म्हणाली, भारतात येते आहे, महिनाभरानं भोरला येईन, फक्त कबरींवर जायचंय. आणि म्हणाली, आमच्या घरी वडील जाईपर्यंत तुमच्या आजोबांचं नाव निघायचं. तुम्ही सगळे इतकी वर्षं बघताय, तुमचे पाय धरायला हवेत.

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "या ना ताई, या."

मग मी चार मजूर लावून घाणेरी तोडून घेतली. पडलेले दोन दगड उभे केले. सुईणीच्या कबरीवर कुणीतरी गोवऱ्या थापल्या होत्या, ती जागा स्वतः खरवडून धुतली. तोडलेली सगळी घाणेरी मी खालच्या कापलेल्या कडेवर ढीग करून टाकायला सांगितली, म्हणजे कापलेलं दिसू नये. आणि सकाळी फिरायला जाताना मी एक वाक्य मनात म्हणून बघायचो. 'ती खालची ओळ एका पावसाळ्यात वाहून गेली.' वर्गात मुलांना कविता पाठ करायला लावतात तसं मी ते पाठ केलं.

ती एकटीच आली, भाड्याची गाडी आणि ड्रायव्हर घेऊन. साठी ओलांडलेली, गुडघे दुखरे म्हणून हातात काठी, डोक्याला रुमाल बांधलेला. मला बघून आधी हसली आणि म्हणाली, कान आजोबांचेच आहेत. तिचं मराठी तसंच होतं, भोरातल्या त्या वेळच्या बायकांचं. 'कंदील', 'फडताळ', 'न्याहारी' असे शब्द ती सहज बोलत होती. ती म्हणाली, तिकडं चुलत बहिणीशी फोनवर बोलते तेवढंच, पण विसरायला होत नाही.

ती एकेका कबरीपाशी थांबली. बोट उजवीकडून डावीकडं फिरवत वाचत होती आणि मला सांगत होती. मी मान हलवत होतो, जणू मला पहिल्यांदाच कळतंय. खरं तर मला सगळं येत होतं, आजोबांनी शिकवलेलं. ओव्हरसियरांपाशी मी न राहवून घोड्याची गोष्ट सांगितली तर ती थक्क झाली. म्हणाली, हे तर आमच्या चुलत बहिणीलाही माहीत नाही. तिनं पर्समधून खडे काढून ठेवले. तिकडून आणले होते, पांढरे. मग ती उताराच्या खाली बघायला लागली. हातात एक खडा तसाच होता.

"खाली लहान्यांची ओळ होती ना, गुरुजी?"

मी पाठ केलेलं वाक्य म्हणालो. अडखळलोही नाही.

ती त्या घाणेरीच्या ढिगाकडं बघत राहिली. मग म्हणाली, पावसापुढं कुणाचं काय चालतं, आणि उलट माझ्याच खांद्यावर हात ठेवला. मला वाईट वाटत असेल म्हणून.

मग ती आमच्या घरी आली. बायकोनं अंगणात खुर्च्या मांडल्या, चहा केला, शेंगदाण्याची चिक्की ठेवली. तिनं पिशवीतून एक शाल आणि नारळ काढला. शाल पांढरी, निळ्या काठाची. ती उभी राहिली म्हणून मीही उभा राहिलो. तिनं ती माझ्या खांद्यावर घातली आणि म्हणाली, आमचं तिथं कुणी नव्हतं, तुम्ही होता. बायकोनं मोबाईलवर फोटो काढला. त्या फोटोत मी खाली बघतो आहे. सगळ्यांना वाटलं संकोच आहे. मी माझ्या पायाखालचा मुरूम बघत होतो.

ती भोरात एका लॉजवर उतरली होती, सकाळी पुण्याला जाणार होती. ती गेल्यावर बायको कप उचलता उचलता म्हणाली, "बाई चांगली हाये. तुमी मात्र एक शब्द धड बोलला न्हाई." मी म्हटलं, काय बोलायचं? ती म्हणाली, तिच्या भावाचं विचारायचं. लहानपणी तुमी त्याच्या कबरीवरचं गवत काढायचात की. तिला तेवढं ऐकूनसुदिक बरं वाटलं असतं.

मला वाटतं, बायको रागावून बोलली असती तर मी गप्प राहिलो असतो. तिनं ते इतकं साधेपणानं म्हटलं की मला कुठं तोंड फिरवावं कळेना. सकाळी सात वाजता मी लॉजवर गेलो. ती खाली बाकड्यावर बसून ड्रायव्हरची वाट बघत होती. मला बघून तिला आनंद झाला. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा गप्पा सुरू झाल्या असत्या. उभ्यानंच सांगितलं. कुंपणाचं सांगितलं, जोत्याचं सांगितलं, मग तो माणूस आला ते, मी काय बोललो ते, पाऊस खोटा हे. मध्ये कुठं थांबलो नाही. शाल घडी करून आणली होती, ती तिच्याशेजारी ठेवली.

 रस्त्यावरून दुधाचा टेम्पो गेला, एसटी गेली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं,

"किती खोल खणलं?"

मी म्हणालो, माणसाहून जास्त.

"तेव्हा तिथं काही निघालं का?"

मी म्हणालो, मला माहीत नाही.

"तुम्ही विचारलं नाही?"

"नाही."

या तीन प्रश्नांइतकं कुणी मला आयुष्यात उघडं केलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या झेलल्या असत्या, मनात त्याची तयारी करूनच गेलो होतो. पण तिनं विचारलं ते मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. तिथं लेकरं होती. ती वर आली का, कुणी पाहिली का, कुठं टाकली, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला फक्त माझं वाक्य आठवत होतं आणि त्यात माझी चूक किती, याचा हिशेब.

मग तिनं विचारलं तो मुरूम कुठं गेला. मी सांगितलं, बराचसा पलीकडच्या एका प्लॉटच्या रस्त्यावर पडला, त्यावर आता डांबर आहे. आणि एक टेम्पो माझ्या अंगणात. काल आपण चहा प्यालो तिथं.

 मग ती काठी टेकत उठली आणि म्हणाली, मला तिथं न्या.

आम्ही आलो तेव्हा बायको अंगण झाडत होती. पुन्हा कशा आल्या म्हणून ती हसत पुढं झाली, आणि आमची तोंडं बघून थांबली. बाईंनी तिला काही सांगितलं नाही. त्यांनी अंगणाच्या कडेला चपला काढल्या, गुडघे दुखत असूनही खाली बसल्या आणि हात जमिनीवर सपाट ठेवला. ओठ हलत होते. त्यांच्या भाषेतली प्रार्थना असावी. मध्येच त्यांनी एक नाव घेतलं, मराठीत हाक मारतात तसं, लहान मुलाला मारतात तसं. ते नाव मी इथं लिहीत नाही. आठव्या दिवशी ठेवलेलं ते नाव त्या तीन दिवसांत जेवढ्यांनी घेतलं असेल त्यांच्यानंतर ते उच्चारणारं हे एकच माणूस उरलं होतं.

मी बायकोला कडेला नेऊन सांगितलं. तिनं ऐकलं आणि हातातला झाडू हळूच भिंतीला टेकवला. मग ती आत गेली, तांब्या भरून पाणी घेऊन आली आणि बाईंच्या शेजारी ठेवला. कबरस्तानातून निघताना ते लोक हात धुतात, हे तिनं कधीतरी माझ्या वडिलांकडून ऐकलं होतं. बाई उठल्या, हात धुतले. मग त्यांनी माझ्या बायकोचा हात धरला. माझा नाही.

मी म्हणालो, ताई, मी हा मुरूम भरून परत तिकडं नेतो. त्या म्हणाल्या, "नका हलवू. एकदा हललं तेवढं पुरे झालं." आणि म्हणाल्या, यावर गाडी लावू नका. शाल त्यांनी बायकोकडं दिली. ही आजोबांसाठी आणली होती, तुम्ही ठेवा. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मी मागितलीही नाही. ड्रायव्हर वाट बघत होता, त्या गेल्या.

त्यानंतर बायको माझ्याशी पंधरा दिवस कामापुरतंच बोलली. अंगणातली स्कूटर तिनं स्वतः ढकलत रस्त्यावर नेऊन लावली, ती आजही तिथंच असते. अंगणात आता आम्ही पापड वाळत घालत नाही, खुर्च्याही टाकत नाही. पाहुणे विचारतात. तिनं ठरवलंय की कुणी विचारलं तर खरं सांगायचं. पहिल्यांदा सांगताना ती माझ्याकडं बघत होती. तिच्या माहेरचे लोक होते. मी तिथंच बसून राहिलो. उठून जाणं सोपं होतं.

त्या मुरमाच्या धंदेवाल्याकडं मी गेलो. तिथं काय निघालं होतं ते विचारायला. त्याला आठवेना. जेसीबी चालवणारा गडी सोडून गेला होता. तो म्हणाला, गुरुजी, तुमीच म्हणाला होता ना कुणाची न्हाई? मी म्हणालो, व्हय, म्याच म्हणालो होतो.

मग मी कुंपण बांधायला घेतलं. जोत्यातले दगड काढता येत नाहीत, घर खाली येईल. दगड बाहेरून आणले. गवंडी लावला नाही. पहाटे सहा ते नऊ मी स्वतः रचतो. वयामुळं दोन दिवस काम की एक दिवस पाठ धरून पडायचं, असं चाललं आहे. खालच्या कापलेल्या कडेला आधी भर घालून मग माती धरायला दगडी धक्का उभा केला, त्यात पहिला पावसाळा गेला. लहान्यांच्या ओळीच्या जागी एक दगड लावला आहे. त्यावर काय लिहायचं ते बाईंना फोनवर विचारलं होतं.  मग म्हणाल्या, पाच लिहा, नुसतं पाच.

एवढ्यानं लाज कमी होईल असं मला कुठंतरी वाटलं असावं. झालं उलटं. येणारे-जाणारे मला दगड रचताना बघतात आणि हात जोडतात. कुणीतरी फोटो काढून मोबाईलवर फिरवला. परधर्माच्या मयतांची सेवा करणारे निवृत्त गुरुजी, असं काहीतरी त्याखाली होतं. मार्गासनीला माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी मेळावा घेतला, तिथं मला बोलावलं, आणि सूत्रसंचालन करणारीनं त्या कुंपणाचं कौतुक करून मला चार शब्द बोला म्हटलं. मी उभा राहिलो आणि सांगितलं. कुंपण मीच पाडलं होतं, मीच म्हणालो होतो कुणाची नाही, लेकरांची माती माझ्या अंगणात आहे.  मला वाटलं, झालं, आता सगळ्यांना कळलं. तेवढ्यात मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळेच वाजवायला लागले. एक जण माइकवर येऊन म्हणाला, चूक कबूल करायलाही गुरुजींसारखंच मन लागतं.

परतताना बायको आणि मी कामथडीला एसटी बदलायला उतरलो. तिनं विचारलं, तुमाला टाळ्या ऐकून कसं वाटलं? मी म्हणालो, बरं वाटलं गं, एक क्षणभर खरंच बरं वाटलं. तिनं पिशवी उचलली. भोरची गाडी आली, आम्ही चढलो.

वरच्या अंगाचं कुंपण अजून दहा-बारा हात राहिलं आहे.